जबाबदार व्यक्तीचे नाव

सोमवार, ६ जानेवारी

निवृत्त होऊन चार वर्षं झाली आणि आज पुन्हा हॉस्पिटलच्या हजेरीपुस्तकात सही केली. मोठ्या डॉक्टरांनी स्वतः फोन केला होता. मी मेट्रन होते तेव्हा ते नवखे होते, मला सिस्टर म्हणायचे. आता मॅडम म्हणतात. गेल्या वर्षी कामावरच्या माणसांना फार इजा झाल्या: सुया टोचल्या, पाठी धरल्या, एकजण ओल्या जिन्यावरून गडगडत खाली आला. सगळ्यांना सुरक्षिततेचं प्रशिक्षण द्या, असा वरून आदेश आलाय. "तुमच्याइतकं कोणाला येतं?" म्हणाले. गोड बोलणं मला ओळखता येतं, तरी ते लागू पडतंच.

धाकटी म्हणाली, "झालं! स्वतःच्या गुडघ्यांना तेल चोळायचं सोडून निघाली लष्कराच्या भाकऱ्या भाजायला." आम्ही दोघी बहिणी एकत्र राहतो. मी लग्न केलं नाही, तिचं करून संपलं. त्यामुळे भांडायला बाहेरून माणूस आणावा लागत नाही. आयुष्यभर 'सिस्टर' या शब्दानं माझी पाठ सोडली नाही. शाळेत शिकवायला सिस्टर, नोकरीत मी सिस्टर आणि घरात ही सख्खी.

वर्ग तळघरात मिळालाय, लाँड्रीला लागून. छताला गरम पाण्याचे पाइप, भिंतीपलीकडे यंत्रांची घरघर आणि साबणाच्या वाफेचा वास. कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात शनिवारी असाच वास यायचा. उगाच दोन मिनिटं दारात थांबले.

लाँड्रीच्या बोळात ठेकेदाराची एक जुनी नोटीस अजून चिकटवलेली आहे. 'कपडे वाळवण्याचे यंत्र बिघडल्याबद्दल जबाबदार व्यक्तिस कामावरून कमी करण्यात आले आहे. सर्वांनी नोंद घ्यावी.' 'व्यक्तिस' ऱ्हस्व! पेन काढून दीर्घ केलं. आमच्या सिस्टर असत्या तर दहा वेळा लिहायला लावलं असतं.

गुरुवार, ९ जानेवारी

वरून आलेला फॉर्म इंग्रजीत आहे. कोणाला काही लागलं की तो भरायचा. लाँड्रीतल्या बायका आणि वॉर्डातले मामा हा कसा भरणार? म्हणून मराठीत करायला घेतला. आज सगळा दिवस त्यातच गेला आणि मजा आली.

पहिल्याच चौकटीपाशी अडले. ज्याला लागलं आणि जो ते कळवतोय, त्याचं नाव तिथे हवं. 'तक्रारदार' नको, त्याला कचेरीचा वास येतो. 'जखमी' म्हटलं तर लढाईवरून आल्यासारखं वाटतं. शेवटी सुचलं: 'नोंद करणाऱ्या जबाबदार व्यक्तीचे नाव व सही'. आपल्याला लागलं हे लपवत नाही, पुढे येऊन सांगते, ती बाई जबाबदारच. शाळेत दर सोमवारी वर्गातल्या एका मुलीच्या खांद्यावर सिस्टर निळी रिबीन टाचायच्या. ती त्या आठवड्याची 'रिस्पॉन्सिबल गर्ल'. मला ती सातवीत दोनदा मिळाली होती. रिबीन लावून मी घरी पत्र लिहायला बसत असे, जसं काही पत्रातून ती दिसणारच होती.

चौकट लहान पडली, म्हणून 'नोंद करणाऱ्या' गाळलं. 'जबाबदार व्यक्तीचे नाव व सही.' सुटसुटीत झालं.

बुधवार, १५ जानेवारी

पहिली तुकडी: वॉर्डातले मामा, मावश्या आणि लाँड्रीतल्या बायका, मिळून बावीस. रुग्ण उचलायची रीत शिकवली. पाठ सरळ, गुडघे वाकवायचे. सगळ्यात जुने मामा म्हणाले, "बाई, वाकायला वाकतात हो गुडघे. उठायचं नाव काढत नाहीत." मी म्हटलं, माझेही तसेच आहेत, तरी मी दाखवते. वाकले. उठवायला मामांनाच यावं लागलं. यानंतर वर्ग माझा झाला.

मग सुया. नियम एकच: वापरलेल्या सुईला टोपण पुन्हा लावायचं नाही, तशीच सुयांच्या डब्यात टाकायची. टोपण लावतानाच जास्तीत जास्त सुया टोचतात. हे सांगता सांगता माझ्या हातांनी सुई उचलली आणि दोन्ही हात वापरून तिला व्यवस्थित टोपण चढवलं. मला कळलंसुद्धा नाही.

"बाई! टोपण!" मागून कोणीतरी ओरडलं. सगळे खो खो हसले.

ओरडणारी लाँड्रीतली. चाळिशीची, काटक, तोंडाने फटकळ. तिला सगळे इस्त्री म्हणतात. कपड्यांपेक्षा माणसांना जास्त करते म्हणून. मला म्हणाली, "सवय वाईट हो बाई. आमचा नवरा दहा वर्षांपूर्वी विडी सोडून बसलाय, अजून खिसा चाचपतो."

मीही हसले. पण चाळीस वर्षं मी हेच शिकवत होते. उघडी सुई म्हणजे उघडं भांडं, असं सांगून कितीतरी मुलींना टोपण लावायला शिकवलं. जी लावायची नाही तिला उभी करायची. तेव्हा बरोबर होतं ते आता चूक आहे. त्या सगळ्या आज वॉर्डांच्या मुख्य परिचारिका आहेत आणि नव्या मुलींना शिकवतायत. त्यांची तुकडी मार्चमध्ये आहे. तेव्हा सांगेन.

शुक्रवार, ३१ जानेवारी

प्रशिक्षण सुरू करून पंधरा दिवस झाले. फॉर्म सगळ्या विभागांत ठेवलेत, दोरीला पेनं बांधून. आज गोळा करायला गेले. एकही भरलेला नाही. गेल्या वर्षीच्या जुन्या वहीत याच काळात नऊ नोंदी आहेत.

नऊवरून शून्य! मोठे डॉक्टर इतके खूश झाले की चहा मागवला. मार्चमध्ये पाहणीला समिती येणार आहे, तिला दाखवायला तक्ता करायचाय. "मॅडम, जादू आहे तुमच्या हातात."

घरी सांगितलं तर धाकटी भाजी निवडता निवडता म्हणाली, "शून्य? शंभरावर माणसं, सुया, काचा, ओल्या फरशा, आणि शून्य? अगं, आपण दोघीच राहतो तरी महिन्याला एकीचं बोट कापतं."

तिला कुणाचं कौतुक करता येत नाही. लहानपणापासून तसंच आहे. रिबीन तिला कधी मिळाली नव्हती.

सोमवार, १० फेब्रुवारी

अजून शून्य. तक्त्याला हिरवा रंग द्यायचं ठरलं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आज लाँड्रीच्या तुकडीचा दुसरा वर्ग. सुई टोचली तर काय करायचं, ते. जागा साबणाने, वाहत्या पाण्याने धुवायची. दाबायची नाही, चोखायची नाही. लगेच येऊन सांगायचं. सुई कोणाला टोचलेली होती ते माहीत नसेल तर रक्त तपासतात आणि एचआयव्हीपासून बचावाच्या गोळ्या सुरू करतात, अठ्ठावीस दिवस घ्यायच्या. जितक्या लवकर तितकं बरं, आणि बहात्तर तासांच्या आत घ्यायलाच हव्यात. त्यानंतर त्यांचा उपयोग नाही. फळ्यावर मोठ्ठं ७२ लिहिलं.

इस्त्री आज पहिल्या बाकावर होती. हातात कामाचे रबरी मोजे तसेच. वर्गात काढले तरी चालतील म्हटलं, तर म्हणाली, "राहू द्या. सवय लागू दे." नंतर तिने विचारलं, "बाई, बहात्तर तास कधीपासून धरायचे? टोचल्यापासून की तुम्ही सांगितल्यापासून?"

वर्ग हसला. मी म्हटलं, हसू नका, प्रश्न चांगला आहे. टोचल्यापासून. ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली. इतक्या लक्षपूर्वक ऐकणारी विद्यार्थिनी शिकवणाऱ्याला क्वचित मिळते. मला फार बरं वाटलं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत इस्त्री वर्गात आली. गोळ्या कुठे मिळतात? मी म्हटलं, बाह्यरुग्ण विभागात, ड्यूटीवरचे डॉक्टर देतात. नाव सांगावं लागतं का? मी म्हटलं, अगं, नावाशिवाय कसं चालेल? आपला फॉर्म भरायचा, सही करायची, की लगेच मिळतात.

"सही हवीच?"

"हवीच."

"मग राहिलं," म्हणाली आणि उठली. "सहज विचारलं हो. शेजारणीला सांगायला."

संध्याकाळी धाकटीला हे सांगितलं, शिकवलेलं असं घरोघरी पोचतं म्हणून. ती म्हणाली, "ताई, ही बाई तुला विचारतेय का सांगतेय?"

तिला सगळीकडे काहीतरी दिसतं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आजचं सगळं क्रमाने लिहून ठेवते.

पोस्टरं चिकटवायची म्हणून सकाळी लवकर गेले, असं मी स्वतःला सांगितलं होतं. नऊला दहा मिनिटं असताना वर्गात पोचले. इस्त्री आधीच तिथे होती. बाकावर नाही, फळ्यासमोर उभी. ७२ पुसायचं राहिलं होतं.

ती वळली नाही. म्हणाली, "बाई, मंगळवारी अकरापासून धरलं तर आज अकरालाच संपतात ना?"

"कोणाचे?"

"माझे."

मोजा काढून दाखवला. डावा अंगठा, आतल्या बाजूला एक ठिपका. मुद्दाम शोधला नसता तर दिसलाही नसता. मंगळवारी तिसऱ्या मजल्यावरचं चादरींचं गाठोडं सोडताना टोचलं. सुई चादरीच्या घडीत होती. तिचं टोपणही तिथेच सापडलं, निसटून पडलेलं. म्हणजे कुणीतरी वापरलेल्या सुईला नीट टोपण लावून बिछान्यावर ठेवली, मला शिकवल्याप्रमाणे, आणि डब्यात टाकायला विसरलं. 'मला शिकवल्याप्रमाणे' असं लिहून गेले. 'मी शिकवल्याप्रमाणे' असं हवं होतं. खोडत नाही, खाली बरोबर लिहिलंय.

मी तिला हाताला धरून वर नेलं. ड्यूटीवरचे डॉक्टर समजूतदार होते, रक्त घेतलं, गोळ्या काढून ठेवल्या आणि फॉर्म पुढे केला. "इथे सही करा की झालं."

इस्त्रीने पेन खाली ठेवलं. "नाही करणार."

साडेनऊ वाजले होते. मी समजावलं. मग रागावले. म्हटलं, मूर्खपणा करू नकोस, तुला मुलं आहेत. ती म्हणाली, "मुलं आहेत म्हणूनच नाही करणार. या कागदावर सही केली की मी गुन्हेगार."

"अगं, कुठे लिहिलंय तसं?"

तिने पहिल्या चौकटीवर बोट ठेवलं. "हे काय? मला वाचता येतं, बाई. चौथीपर्यंत शिकलेय."

"जबाबदार म्हणजे चांगलं गं!" मी म्हटलं. अगदी कळवळून म्हटलं. "जी पुढे येऊन खरं सांगते ती जबाबदार."

"कुठल्या गावाला?" ती म्हणाली. "तुमच्या शाळेत असेल. आमच्यात जबाबदार सापडला की दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा. यंत्र बिघडलं तेव्हा माझ्या जावेला केलं जबाबदार. खाली कागद लावलाय, रोज त्याच्यासमोरून जातो आम्ही. तुम्ही तर त्यावर पेनने काहीतरी लिहीत होता, आम्ही सगळ्यांनी बघितलं. म्हटलं, बाईसुद्धा त्यांच्यातल्याच."

 मी फॉर्म ओढून घेतला आणि तो शब्द खोडला. खोडल्यावर तिथे काय लिहावं ते मला सुचेना. इंग्रजी सुचत होतं. घड्याळात दहा होऊन गेले होते.

"काय लिहू?" मी तिलाच विचारलं.

ती माझ्याकडे बघत राहिली, मी थट्टा करतेय का ते पाहत. मग म्हणाली, "कोणाला लागलं ते लिहा की. एवढं काय त्यात?"

'कोणाला लागलं' असं लिहिलं. तिने पुढे नाव लिहिलं आणि सही केली. मन लावून, प्रत्येक अक्षर वेगळं. पहिली गोळी दहा वाजून पंचवीस मिनिटांनी घेतली. वेळ उरला होता तो पस्तीस मिनिटं.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की वेळेत आहे, पण पहिल्याच दिवशी घेतली असती तर जास्त निश्चिंत राहता आलं असतं. आता सहा आठवड्यांनी तपासणी, मग तीन महिन्यांनी. तोवर काही सांगता येत नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी

जुने फॉर्म सगळ्या विभागांतून उचलले. नव्या फॉर्मची पहिली ओळ: 'कोणाला लागलं'. दुसरी: 'कशाने लागलं'. तिसरी: 'आता काय हवंय'. छापायला देण्यापूर्वी इस्त्रीकडून आणि मामांकडून वाचून घेतले. मामांनी 'कृपया' काढायला लावलं. म्हणाले, "कृपया दिसलं की पुढे काहीतरी वाईट असतं."

लाँड्रीच्या बोळातली नोटीस काढायला गेले तर नखाने निघेना. ओलं फडकं लावून काढली. पांढरा चौकोन राहिला भिंतीवर.

सोमवार, ३ मार्च

एका आठवड्यात सतरा फॉर्म. त्यातले अकरा गेल्या दीड महिन्यातले, आता आलेले. त्या अकरांत सुया सहा. त्या सहांपैकी वेळेत कोणीच आलं नव्हतं. सगळ्यांची रक्ततपासणी करवली. सहापैकी चार सुया टोपण लावताना टोचलेल्या. वॉर्डांची नावं वाचत गेले. प्रत्येक वॉर्डाच्या मुख्य परिचारिकेचा चेहरा मला ठाऊक आहे. कुठल्या बाकावर बसायची तेही ठाऊक आहे.

आज त्या सगळ्यांना बोलावलं. सांगितलं की टोपणाचं मी चुकीचं शिकवलं होतं, ते विसरा. एक म्हणाली, "मॅडम, तुम्ही मला त्यासाठी तासभर उभं केलं होतंत." मी म्हटलं, आता मी उभी आहे, बोल. तर ती रडायलाच लागली. मला रडणाऱ्या बायकांपुढे काय करावं ते अजून कळत नाही. चष्मा पुसला.

मंगळवार, ४ मार्च

मोठ्या डॉक्टरांना आकडा सांगितला. ते खुर्चीत मागे रेलले. "मॅडम, तुम्ही प्रशिक्षण दिलंत की सुया वाटल्या?"

मी समजावलं की शून्य खोटं होतं. माझ्यामुळे खोटं होतं. ते म्हणाले, समिती आठ दिवसांवर आली आहे, जुने अकरा मागच्या खात्यात टाकता येणार नाहीत का? नाही म्हटलं. मग ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुम्ही निवृत्त आहात, तुम्हाला काय!"

हे मात्र खरं आहे. इस्त्रीला 'काय' आहे. येताना ठेकेदाराला गाठलं. तिचं नाव फॉर्मवर आलं म्हणून तिला काढणार नाही ना, असं सरळच विचारलं. तो फार अदबीने बोलतो. म्हणाला, "मॅडम, मी कधी कोणाला काढत नाही. मुदत संपते. तिचीही मेअखेर संपेल. रिपोर्ट येऊ दे, बघू."

म्हणजे आता तिचं घर आणि तिचं रक्त, दोन्ही एकाच कागदाला टांगलंय. आणि त्या कागदाच्या सुरुवातीला माझं अक्षर होतं.

बुधवार, १२ मार्च

समिती आली. तिघं होते. मोठ्या डॉक्टरांनी आयत्या वेळी मला बोलायला सांगितलं, म्हणजे सतरा हा आकडा माझ्या तोंडून जावा. मी सांगितला. शून्याचीही गोष्ट सांगितली, शब्दासकट. समितीतले वयस्कर गृहस्थ बराच वेळ फॉर्म उलटून पालटून बघत होते. म्हणाले, "मी गेली सहा वर्षं शून्यच बघतोय. खरा आकडा आज पहिल्यांदा दिसला. हा फॉर्म बाकीच्या ठिकाणी पाठवा."

मोठे डॉक्टर लगेच म्हणाले, "मी मॅडमना पहिल्यापासून हेच म्हणत होतो."

नंतर बाहेर त्यांना गाठून म्हटलं, पहिल्यापासून म्हणत होतात ना, मग ठेकेदाराला लेखी कळवा की फॉर्म भरला म्हणून कोणाची मुदत संपणार नाही. त्यांनी पत्र काढलं. माणूस वाईट नाही. वारा येईल तसं सूप धरतो, इतकंच.

गुरुवार, २० मार्च

इस्त्रीच्या गोळ्या आज संपल्या. अठ्ठावीस दिवस मळमळ, पण एक दिवस रजा नाही. मी म्हणायची, घरी बसून आराम कर. तर म्हणायची, "घरापेक्षा इथे बरं." यंत्रांच्या त्या गरमीत काय बरं वाटत असेल, तिचं तिला माहीत. कामसू आहे.

शुक्रवार, ४ एप्रिल

सहा आठवड्यांची तपासणी. काही निघालं नाही. अजून एक बाकी. इतरांच्या सहाही तपासण्या आतापर्यंत ठीक आहेत.

बुधवार, ७ मे

चौथी तुकडी. हल्ली सुई उचलली की माझे हात आपोआप थांबतात. आज तर मुद्दाम टोपण लावायचं नाटक करून दाखवायचं होतं, तेही जमेना. धाकटी म्हणते, साठीनंतर माणूस सुधारतो हे तिने पहिल्यांदाच पाहिलं.

शुक्रवार, २३ मे

रिपोर्ट आज मिळायचा होता. इस्त्री म्हणाली, "तुम्ही चला. मला त्या खिडकीशी एकटीला उभं राहवत नाही." प्रयोगशाळेच्या बाहेर लाकडी बाक आहे, त्यावर आम्ही अर्धा तास बसलो.  तिला इतकी गप्प मी कधी पाहिली नव्हती. शेवटी मीच म्हटलं, आज लाँड्रीत माणसं सुटकेचा श्वास टाकत असतील. तेव्हा जराशी हसली.

पाकीट तिने माझ्या हातात दिलं. "तुम्ही वाचा."

इंग्रजीत होतं. नॉन-रिॲक्टिव्ह. खाली काविळीचंही तेच. मी तीन वेळा वाचलं आणि बोलायला तोंड उघडलं. शब्द निवडायची भीतीच वाटली. 'निगेटिव्ह' म्हणावं, तर तिचा चेहरा पाहून कळलं की तो शब्द तिला वाईट वाटेल. 'नाही' म्हणावं, तर काय नाही?

"बोला की बाई," ती म्हणाली. "तोंडात गुळणी धरल्यासारखं काय?"

"तुला काही झालेलं नाही," मी म्हटलं.

"अजिबात?"

"अजिबात. आणि होणारही नाही. संपलं."

तिने कागद माझ्याकडून घेतला, वरपासून खालपर्यंत बघितला, मग परत दिला. "असं लिहा की मग यावर. मराठीत. आत्ता बोललात तेच. आणि सही करा, तुमचा शिक्का असेल तर मारा."

मी म्हटलं, ठेकेदाराला दाखवायची मुळीच गरज नाही, पत्र निघालंय, त्याला तो कागद मागायचा अधिकारच नाही.

"त्याला कोण दाखवतंय?" ती म्हणाली. "घरी दाखवायचाय. तीन महिने माझा कप वेगळा ठेवलाय. धाकटीला माझ्याजवळ झोपू देत नाहीत. सासूला इंग्रजी येत नाही, आणि माझ्या बोलण्यावर भरवसा नाही."

तिला धाकटी मुलगी आहे हेही मला आज कळलं. मी पेन काढलं. इंग्रजी छपाईच्या खाली कोरी जागा होती. मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं: 'हिला काहीही झालेलं नाही.' खाली सही केली, हुद्दा लिहिला, तारीख घातली.

तिने ते हळूहळू, ओठ हलवत वाचलं. मग म्हणाली, "'हिला' म्हणजे कोणाला? नाव घाला, बाई. नाहीतर सासू म्हणेल, दुसरीचाच आणलाय."

मी 'हिला' खोडलं आणि तिचं नाव लिहिलं. पूर्ण नाव. तिने कागदाची घडी घातली, कामाच्या कपड्यांच्या आतल्या खिशात ठेवली आणि पाळी सुटायला अजून दोन तास होते तरी मुकादमाला सांगून घरी गेली. फाटकापर्यंत नीट चालत होती. पुढे रस्ता ओलांडून पळत सुटली.